बियाण्याचं पाणी

चिल्वा आटलं त्या वर्षी
काचुलूच्या धक्क्यापासून पाणी
आधी एक हाक लांब गेलं,
मग दोन हाका,
मग नुसती हाक उरली.
होड्या जिथल्या तिथे बसल्या,
पोटाखाली भेगाळलेला चिखल घेऊन.

मी लिफावा. किनारा समितीचा चिटणीस.
पगार नाही. एक वही, एक शिक्का,
आणि माप म्हणून माझी तीन बोटं.
आसातून ती गेली तर जाळं कायद्याचं,
अडकली तर जाळं जाळायचं.

वीस वर्षांत आस बारीक होत गेली.
तीन बोटांची दोन झाली, मग करंगळीसुद्धा जाईना.
मग फुकटच्या निळ्या मच्छरदाण्या आल्या.
ज्यातून डास सुटत नाही
त्यातून मातेम्बाचं पिल्लू कसं सुटणार?
आम्ही त्या पेटवल्या. धूर घशाला चिकटायचा.
त्या घरातली पोरं पुढे तापाने फणफणली,
त्याला वहीत रकाना नव्हता.

झोम्ब्याला बैठक झाली. चहा, पाव, पंखा.
साहेब म्हणाले, पाण्याचा कारभार लोकांच्या हाती हवा.
मागच्या बाकावरून नाम्बेवे उठली,
सुकी मासळी विकणारी, दोन दातांची:
"साहेब, पाणीच नाही, तर हाती काय देताय?"
कुणी हसलं नाही.
"माझ्या हयातीत तळं चारदा गेलं, चारदा आलं.
पाणी आभाळातून आलं, समजलं.
मासे कुठून आले, ते विचारा."

मासे लिकांगालाच्या डोहात होते.
नदी जिथे कोपर वाकवते तिथे,
उंबराच्या मुळांशी, छातीभर गढूळ पाण्यात
अख्खं तळं दाटीवाटीने बसलेलं.
आम्ही दोर बांधला. ठराव लिहिला:
इथे गळ नाही, जाळं नाही, टोपली नाही.
पेरायचं बियाणं घरात उपास पडला तरी
शिजवत नाहीत, तसं.

आणि उपास पडलाच.

माझ्या पाळीच्या रात्री, चांदणी कलताना
पाण्यात कुणीतरी पाय जपून टाकला.
कंदील वर केला.
नाम्बेवे. कमरेपर्यंत ओली. हातात वेताचा सापळा.
"तू झोपला असशील म्हणून आले," ती म्हणाली,
जसं काही चूक माझीच.

सापळ्यात दोन माकुम्बा.
एकीचा जबडा फुगलेला, घट्ट मिटलेला.
नाम्बेवेने ती तळहातावर घेतली,
आणि तिचा हात थांबला.
तोंडात पिल्लं धरलेली मासोळी
दिवसेंदिवस काही खात नाही,
हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक?
तिने हात पाण्याखाली नेला, बोटं सैल केली.
मासोळी गेली.
मागे राहिलेली दोन-तीन पिल्लं, राईएवढे डोळे,
कंदिलाच्या उजेडात भांबावली
आणि मग तीही काळोखात आईमागे.

दुसरा मासा तिने पदरात बांधला.
नर होता. मी काही बोललो नाही.
ती चढ चढली, मध्येच वळून म्हणाली,
"लिही. वही कोरी ठेवू नकोस."

मी लिहिलं:
माकुम्बा, नर, एक. सापळा.
पकडणारा: चिटणीस.
दंड: दोनशे क्वाचा.

पुढल्याच्या पुढल्या वर्षी तळं भरलं.
राजधानीतून माणूस आला, वजनकाटा घेऊन,
मासे मोजले, लव्हाळ्यांचे फोटो काढले.
पाऊस चांगला झाल्यामुळे, असं अहवालात आहे.
खोटं नाही ते.
नाम्बेवे तोवर नव्हती.
तिच्या ओट्यावर आता तिची नात मासे पसरते,
माशा हाकलते, भावात कुणाला सोडत नाही.

वहीचा कोपरा वाळवीने खाल्ला,
पण ते पान शाबूत आहे.
नवे सभासद हिशेब तपासताना
दर वर्षी तिथे अडतात, माझ्याकडे बघतात.
दोनशे क्वाचा
अजून माझ्याकडून येणे आहेत.